घरच्या पेटीत अंडी उबवताना तापमान आणि आर्द्रता कशी सांभाळावी?

प्रश्न

पंखा नसलेल्या, बल्ब आणि थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या पेटीत मी कोंबडीची २४ अंडी उबवायला ठेवली होती. झाकणाच्या आतल्या बाजूस बसवलेला तापमापक बहुतेक वेळ ३७.५ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि आर्द्रता मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवली. अंडी दिवसातून तीन वेळा हाताने फिरवली आणि अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवले. पहिले पिल्लू बाविसाव्या दिवशी रात्री बाहेर आले आणि शेवटचे चोविसाव्या दिवशी सकाळी. एकूण पिल्ले निघाली सात. उरलेल्यांपैकी चार अंडी फलितच नव्हती, पण तेरा अंड्यांमध्ये पिल्लू पूर्ण वाढून आतच मेले होते. त्यातली दहा पिल्ले फुगलेली आणि ओलीचिंब होती, तर तिघांनी कवच टोचले होते, परंतु आतला पापुद्रा वाळून त्यांच्या अंगाला चिकटला होता. एकाच पेटीत काही पिल्ले ओलाव्याने आणि काही कोरडेपणाने कशी मरू शकतात, हे मला उमगलेले नाही. चूक तापमानाची मानावी की आर्द्रतेची?

उत्तर १

दोन्हींची, आणि त्यांच्याआधी मोजमापाची. ३७.५ अंश हा आकडा पंख्याच्या पेटीसाठी आहे, कारण तिथे हवा सतत खेळत असल्यामुळे वर-खाली सगळीकडे तापमान जवळपास सारखे असते. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर साचते आणि तळाशी ती बरीच थंड राहते. म्हणून अशा पेटीत तापमापकाचे टोक अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर ठेवून तिथे ३८.३ ते ३८.९ अंश मिळवायचे असतात. आपला तापमापक झाकणाला होता. याचा अर्थ झाकणाजवळ ३७.५ अंश असताना अंड्यांना त्याहूनही कमी ऊब मिळत होती, आणि एकविसाव्या दिवशी निघायला हवी होती ती पिल्ले एक ते तीन दिवस उशिरा, तीही रेंगाळत निघाली, हे त्याचेच लक्षण आहे. तापमान जास्त झाले असते तर पिल्ले वेळेआधी निघाली असती आणि त्यांची बेंबी नीट मिटलेली नसती.

आता आर्द्रता. अठरा दिवस ६५ टक्के ही फार झाली. सुरुवातीच्या काळात ४५ ते ५५ टक्के पुरे असते. अंड्यातले पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर जायलाच हवे, कारण त्या जागी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू कवच फोडण्यापूर्वी आपला पहिला श्वास त्याच पोकळीतून घेते. हवा दमट असेल तर पाणी जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू जड होते आणि त्याला वळून टोचायला जागा उरत नाही. आपली दहा पिल्ले बहुधा अशीच गेली, आणि कमी तापमानाने त्यात भर घातली असावी.

राहिली ती तीन. पिल्ले निघू लागल्यावर आपण झाकण किती वेळा उघडले?

प्रश्नकर्ता

आठ-दहा वेळा तरी उघडले असेल. सुकलेली पिल्ले बाहेर काढावीत, त्यांना दाणा-पाणी द्यावे, अशी घाई होती.

उत्तर १

मग त्यांचे उत्तर मिळाले. झाकण उघडताच दमट हवा क्षणात बाहेर पडते, आणि टोचलेल्या अंड्यातला ओला पापुद्रा वाळून पिल्लाभोवती आवळला जातो; आधीचे अठरा दिवस कितीही दमट गेले असले तरी या घडीला त्याचा उपयोग नसतो. अठराव्या दिवसापासून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. बलकाचा उरलेला भाग पिल्लू निघण्यापूर्वी पोटात ओढून घेते, त्यामुळे निघाल्यावर एक दिवस ते दाणा-पाण्यावाचून सहज राहते. टोचल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे स्वाभाविक आहे. खुडूक कोंबडीसुद्धा या काळात अंड्यांवरून सहसा उठत नाही.

उत्तर २

मी पहिले अठरा दिवस पेटीत पाणी अजिबात ठेवत नाही आणि माझी पिल्ले उत्तम निघतात. पाण्याच्या वाट्यांचा हा सगळा खटाटोप मला अनावश्यक वाटतो.

उत्तर ३

वरील अनुभव खरा असेल, पण तो त्या खोलीपुरता खरा आहे. पेटी बाहेरचीच हवा आत घेऊन तापवते, आणि हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ५३ टक्क्यांवर येते, म्हणजे पाण्याचा थेंबही नको. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के असेल तर पेटीत तीसच्याही थोडे खाली उतरते, आणि थंड, कोरड्या दिवसांत पंधराच्या आसपास. त्यामुळे ‘पाणी ठेवावे की नाही’ याचे एकच एक उत्तर नसते. पाणी ठेवायचे झाल्यास भांड्याची खोली बिनमहत्त्वाची असते. आर्द्रता वाढते ती पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने, म्हणून उभ्या पेल्यापेक्षा पसरट ताटली उपयोगी. हवेची छिद्रे बुजवून ओलावा अडवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायूची गरज सर्वाधिक असते.

शिवाय, आपल्या आर्द्रतामापकावर आपण विश्वास का ठेवला? एका लहान झाकणात मीठ घेऊन त्यात ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, मापकासह घट्ट बंद होणाऱ्या डब्यात आठ ते बारा तास ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्के असते आणि मापकाने तेच दाखवले पाहिजे. तापमापकासाठी, त्याचे टोक जलरोधक असल्यास, ते आणि ताप मोजण्याचा डॉक्टरी थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

प्रश्नकर्ता

मिठाची चाचणी केली आणि मी अवाक झालो. मापक ७५ ऐवजी ६६ दाखवतो. म्हणजे मी ६५ समजत होतो तेव्हा पेटीत प्रत्यक्षात ७४ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता होती. तापमापक ०.३ अंशांनी जास्त दाखवतो. पुढच्या खेपेस आकड्यांशिवाय दुसरी काही खूण पाहता येईल का? आणि वीज गेली तर काय करावे?

उत्तर ३

विजेचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. अंडी थोडा वेळ गार झाली तर बहुतेक वाचतात, पिल्ले उशिरा निघतात इतकेच. पण चाळीस अंशांवर काही तास राहिली तर वाचणे कठीण. वीज गेल्यावर पेटीवर जाड पांघरूण घालावे आणि आत गरम पाण्याची बाटली अंड्यांना न टेकवता ठेवावी. अखेरच्या आठवड्यात पिल्ले स्वतःच बरीच ऊब निर्माण करतात, तेव्हा पांघरूण घालताना हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत.

आता खूण. अंडी तोलावीत. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याच्या मूळ वजनात ११ ते १३ टक्के घट व्हायला हवी, आणि ही घट जवळपास रोज सारखीच होते. मापक कितीही खोटे बोलो, आर्द्रता योग्य होती की नाही हे वजनच सांगते. त्याबरोबर सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंधारात बॅटरीचा झोत लावून हवेच्या पोकळीची कड कवचावर पेन्सिलीने आखावी.

प्रश्नकर्ता

दुसऱ्या खेपेचा आज सातवा दिवस आहे. तापमापक अंड्यांच्या पातळीवर आणला आहे. चोवीस अंड्यांचे मूळ वजन १,३२० ग्रॅम होते, आज १,२७१ भरले. तीन अंडी फलित नसल्याने काढून टाकली आहेत.

उत्तर ३

बारा टक्क्यांच्या हिशेबाने सात दिवसांत सुमारे ६२ ग्रॅम घटायला हवे होते, आपले ४९ घटले. म्हणजे पेटी अजून थोडी दमट आहे, पण वेळ गेलेली नाही. उरलेल्या २१ अंड्यांचे मूळ वजन सरासरीने १,१५५ ग्रॅम धरले तर अठराव्या दिवशी ती १,०१६ च्या आसपास यावीत, म्हणजे येथून पुढे रोज नऊ ग्रॅमला थोडी कमी घट हवी. सध्या पाण्याची ताटली पूर्ण काढून टाका आणि तीन दिवसांनी पुन्हा तोला. घट रोज दहा ग्रॅमच्या वर गेली तर ताटलीऐवजी लहान वाटी ठेवा. आणि अठराव्या दिवशी झाकण लावण्यापूर्वी पाणी भरण्याची नळी बाहेरून आत सोडून ठेवा, म्हणजे ते पुन्हा उघडावे लागणार नाही.