मदत हवी आहे: जुन्या फॉन्टमधले लेख युनिकोडमध्ये आणताना 'दऱ्या'चा 'दर्या' होतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकांतले दीडशेएक लेख २००३ ते २००९ या काळात आम्ही वेबसाइटवर चढवले. टायपिंग गावातल्या डीटीपीवाल्याचं. तेव्हाची रीत तुम्हाला ठाऊक असेल: पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत असायचं कुठलं तरी रोमन अक्षर नाहीतर चिन्ह, वर मराठी फॉन्टचं नुसतं पांघरूण. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तरी अडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टच्या 'वेफ्ट' या साधनातून ईओटी फाइल (पानासोबतच उतरणारा फॉन्ट) बनवून पानाला जोडली होती. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पान छान उघडायचं, बाकी ब्राउझरमध्ये अगम्य चिन्हांचा ढीग.

१५ जून २०२२ ला एक्स्प्लोरर ११ चा सपोर्ट बंद झाला. त्या वेळच्या बातम्या मी आवर्जून वाचल्या. सगळा भर ब्राउझरच्या संथपणावर आणि जुन्या आठवणींवर होता. ज्यांचा मजकूरच त्या खुंटीला टांगलेला होता त्या पानांचं पुढे काय, हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मायक्रोसॉफ्टच्याच नव्या एज ब्राउझरमधला 'आयई मोड', म्हणजे जुनी पानं एक्स्प्लोररसारखी उघडायची सोय, निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण आमचे निम्मे वाचक सत्तरीचे, आणि ते वाचतात मोबाइलवर. शिवाय आत मराठी अक्षरच नसल्याने शोधूनही लेख सापडत नाही.

म्हणून जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलणारा कन्व्हर्टर वापरला. पहिली वेलांटी आणि रफार आपापल्या जागी नीट आले. घोळ झालाय अर्ध्या 'र'चा. सह्याद्रीवरच्या लेखात 'डोंगर-दऱ्या'चं 'डोंगर-दर्या' झालं. सप्ताहाच्या आठवणींत 'आचाऱ्यांनी पहाटे तीनला चुली पेटवल्या' असं होतं, तिथे आता आचार्य चुली पेटवताहेत. लिहिणाऱ्या बाई आज हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाक्यात अशी चूक राहू देणं मला बरोबर वाटत नाही. बरं, सरसकट 'शोधा आणि बदला' करावं तर 'सूर्या' आणि 'कार्यालय'ही बिघडणार. हे हाताने तपासण्यावाचून दुसरा काही मार्ग आहे का?

दुसरी अडचण डिझाइनची. वेबसाइटसाठी नवी थीम (तयार मांडणी) घेतली, रोमन अक्षरांत ती सुरेख दिसते. मराठी घातल्यावर शिरोरेषा अक्षरागणिक तुटते, आणि शीर्षकातल्या 'मूर्तींची'मधला रफार नि अनुस्वार वरून छाटला जातो. फॉन्टही जड आहे, गावाकडच्या नेटवर पान बराच वेळ कोरं राहतं. काय बदलू?

प्रतिसाद:

दादा, रूपांतरित प्रत दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइलींकडे परत जा. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि दऱ्यातला चंद्रकोरीसारखा 'र' या बहुधा दोन वेगळ्या खुणा असतात. तुमच्या कन्व्हर्टरने दोन्हींना एकच 'र्' लावलेला दिसतो. विंडोजच्या 'कॅरेक्टर मॅप'मध्ये तो फॉन्ट उघडा, चंद्रकोरीची खूण कुठल्या जागी आहे ते बघा आणि कन्व्हर्टरच्या तक्त्यात तिच्यासमोर 'ऱ्' लिहा, म्हणजे नुक्तावाला 'ऱ' आणि हलन्त. काही जण 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) वापरतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण शोधताना एकाला दुसरं सापडेलच असं नाही. तेव्हा सगळीकडे एकच रूप ठेवा.

शिरोरेषा तुटतेय ती लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेल्या जादा जागेमुळे. देवनागरीसाठी ते शून्य करा. रफार छाटला जातोय त्यासाठी लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असेल तर १.६ च्या पुढे न्या. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' बघा, मोफत आहे. वूफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात घ्या, दोनच वजनं (साधं आणि ठळक) ठेवा, आणि फॉन्ट-डिस्प्ले या सेटिंगला 'स्वॅप' लावा म्हणजे तो उतरेपर्यंत मोबाइलच्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहील. पानाची भाषा थीममध्ये काय लिहिली आहे तेही तपासा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. पानाची भाषा चक्क हिंदी होती, ती मराठी केली. लेटर-स्पेसिंग काढल्याबरोबर शिरोरेषा जुळली. चंद्रकोरीची खूणही वेगळी सापडली, तक्ता सुधारून सप्ताहाचा लेख पुन्हा चालवला आणि आचारी चुलीपाशी परत आले. आता एकच अडलंय: २००३ च्या अंकाच्या मूळ फाइलींची सीडी वाचली जात नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, आमची त्या वर्षीची पानं दिसताहेत. तिथून कच्चा मजकूर अक्षरं न बदलता उतरवायचा कसा, कुणी केलंय का?