मदत हवी आहे: कमी कर्ब, जास्त फॅट आहारावर वेग का पडतो?

नमस्कार मंडळी,

मी लांब पल्ल्याचं धावते. काही महिन्यांपासून कर्बोदकं अगदी कमी आणि फॅट भरपूर असा आहार घेतेय. सावकाश, लांब रनला मस्त वाटतं. मध्ये जेल (धावताना घ्यायचं साखरेचं घट्ट पाकीट) घ्यावं लागत नाही, भूकही लागत नाही. पण इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने धावायच्या फेऱ्या) सुरू केले की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच पाय जड होतात, आणि पूर्वीच्याच वेगाला आता धाप जास्त लागते.

माझ्या वाचनात आलं ते असं: शरीर फॅट जाळायला शिकतं हे खरंच. २०१६च्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा आहारावरच्या अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब अंतराच्या) धावपटूंचा फॅट जाळण्याचा कमाल वेग मिनिटाला सुमारे दीड ग्रॅम निघाला, इतरांच्या दुपटीहून जास्त. पण तेवढीच ऊर्जा फॅटपासून मिळवायला ऑक्सिजन जास्त लागतो. ऑस्ट्रेलियन क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांच्या २०१७च्या, अशाच आहारावरच्या अभ्यासात चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंची एरोबिक क्षमता (शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल ताकद) वाढली, तरी १० किलोमीटरची वेळ काही सुधारली नाही. कर्बोदकं खाणाऱ्यांची मात्र सुधारली. माझी धाप यामुळेच असेल का?

मला हा आहार पूर्ण सोडायचा नाही, सोप्या रनसाठी तो मला मनापासून आवडलाय. फक्त वेगाच्या सरावाआधी आणि शर्यतीच्या दिवशी कर्बोदकं घेतली तर चालेल का? की शरीर तोवर ती नीट वापरायचंच विसरतं? कुणी असं करून पाहिलं असेल तर किती आधी आणि किती घेता, प्लीज सविस्तर सांगा. क्रीडा-आहारतज्ज्ञ कुणी असतील तर फारच बरं होईल.