मदत हवी आहे: चाकणची क्रेन सोडून ऑफशोअरला (समुद्रातल्या तेलक्षेत्रात) जावं का? पगाराचं खरं गणित काय?

चाकणकर_80टन
नमस्कार मंडळी. वय 34, आयटीआय डिझेल मेकॅनिक, अवजड वाहनाचं लायसन्स. 9 वर्षं क्रेनवर, आधी 14 टनी हायड्रा (छोटी फिरती क्रेन), आता 80 टनी टेलिस्कोपिक. हातात 38 हजार येतात, ओव्हरटाइम वेगळा.

पिंपरीतल्या एका एजंटची ऑफर अशी: मुंबई हायवर (अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र) बार्जवर (बांधकामाचं सपाट तळाचं जहाज) क्रेन ऑपरेटर, रोज 4,200 रुपये, 28/28 रोटेशन, "म्हणजे महिना 1 लाख 26 हजार". त्यासाठी 1 लाख 80 हजारांचं पॅकेज, त्यात बोसिएट (समुद्रातल्या बचावाचं ट्रेनिंग) आणि "ओपिटो स्टेज 3, पाच दिवसांत" (ओपिटो म्हणजे ऑफशोअर ट्रेनिंगचे निकष ठरवणारी संस्था, स्टेज 3 हा तिच्या क्रेन सर्टिफिकेटचा टप्पा). पुढे गल्फमध्ये डॉलरमध्ये पगार, टॅक्स नाही. यात खरं किती, खोटं किती?

बूम_रेडियस
आधी गुणाकार. 28 दिवस काम, 28 दिवस घरी, म्हणजे वर्षात कामाचे दिवस साधारण 182. घरी असताना पगार मिळणार नसेल तर 4,200 × 182 = 7,64,400. बाराने भागा, महिना 63,700. एजंटने 4,200 ला सरळ तिसाने गुणलंय. 38 हजारांपेक्षा रक्कम मोठी आहे हे कबूल, पण सव्वा लाख ती नाही. तुमचा ओव्हरटाइम मिळवला की फरक आणखी आटतो.

दिवसाचा दर ऐकला की हे लेखी विचारा:
- समुद्र खवळून क्रेन बंद असेल त्या दिवसाचे पैसे मिळतात का?
- हेलिकॉप्टरची किंवा बोटीची वाट बघत किनाऱ्यावर काढलेले दिवस कोणाच्या खात्यात?
- रिलीव्हर (बदली माणूस) आला नाही आणि 28 चे 40 झाले, तर वरच्या 12 दिवसांचा दर तोच की वाढीव?
- पीएफ कोणत्या रकमेवर?
- पावसाळ्यात काय?

शेवटच्या प्रश्नाला एजंट हमखास बगल देतात. अरबी समुद्रात बांधकामाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जूनच्या आसपास बरेच बार्ज परत येतात. करार हंगामापुरता असेल तर 182 दिवसही भरणार नाहीत. उत्पादन प्लॅटफॉर्मवरची किंवा ड्रिलिंग रिगवरची नोकरी मात्र बारमाही असते. तेव्हा ऑफशोअर म्हटलं की आधी विचारायचं: बार्ज, रिग की प्लॅटफॉर्म?

खलाशी_ते_केबिन
आता सर्टिफिकेटबद्दल. बोसिएट हे जीव वाचवण्याचं ट्रेनिंग आहे: पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडणं, आग, लाइफबोट, प्रथमोपचार. मुदत 4 वर्षं. मुदतीच्या आत फोएट (उजळणीचा कोर्स) केलं तर एका दिवसात भागतं, मुदत उलटली की अख्खं बोसिएट पुन्हा. क्रेन चालवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

क्रेनच्या कागदाला टप्पे आहेत. स्टेज 1 म्हणजे वर्ग आणि प्रात्यक्षिक. मग समुद्रावर अनुभवी ऑपरेटरच्या देखरेखीखाली लिफ्ट करून लॉगबुक भरायचं आणि त्यानंतर क्षमतेचं मूल्यमापन. लॉगबुक कोरं असताना स्टेज 3 पाच दिवसांत देतो म्हणणारा कागद विकतोय, ट्रेनिंग नाही. काही ठिकाणी ओपिटोऐवजी एपीआय आरपी 2डी या अमेरिकन क्रेन नियमावलीप्रमाणे ट्रेनिंग मागतात, म्हणून कंपनीला नेमकं काय चालतं ते आधी विचारा.

दादा, 9 वर्षं कमी नाहीत. पण जमिनीवर हूक लावताना माल स्थिर असतो. तिकडे माल सप्लाय बोटीच्या डेकवर आणि बोट दोन मीटर खाली-वर. कंटेनर बोट वर येत असताना, लाटेच्या माथ्याजवळ उचलायचा, म्हणजे बोट खाली जाते तसा माल मोकळा होतो. खळग्यात असताना उचलला तर पुढच्या लाटेला डेक खालून येऊन मालावर आदळतो, स्लिंग सैल पडते आणि बोट परत खाली गेली की झटका बसतो. तो झटका मालाच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. हॉइस्टला (माल वर ओढणाऱ्या यंत्रणेला) पुरेसा वेग नसेल तरीही तेच होतं.

म्हणून पेडेस्टल क्रेनला (खांबावर बसवलेली ऑफशोअर क्रेन) लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती टन उचलायचा याचे तक्ते, एकापेक्षा जास्त असतात. प्लॅटफॉर्मच्या डेकवरून डेकवर उचलायचा वेगळा, बोटीवरून उचलायचा वेगळा, तोही लाटेच्या उंचीप्रमाणे. त्याच रेडियसला (क्रेनपासून मालापर्यंतचं अंतर) त्याच क्रेनची क्षमता लाट वाढली की घसरते. मुलाखतीत हाच चार्ट पुढे टाकतात: रेडियस अमुक, लाट अमुक, माल अमुक टन, ब्लॉक (हूकची जड पुली) आणि स्लिंगचं वजन धरून उचलशील का? जमिनीवरचे ऑपरेटर ब्लॉकचं वजन विसरतात आणि तिथेच बाद होतात.

दुसरा हमखास प्रश्न: हूक बोटीच्या कठड्यात अडकला आणि बोट लांब सरकायला लागली तर? उत्तर एमओपीएस, म्हणजे वायर मोकळी सोडणारं हाताने चालवायचं संरक्षण. आणि बास्केटमधून माणसं नेताना ते बंद ठेवलेलं असतं, कारण तेव्हा वायर सुटली तर माणसंच खाली जातील. हा दुसरा अर्धा भाग न सांगणारे बरेच.

चाकणकर_80टन
हे माहीतच नव्हतं. मग पहिली नोकरी थेट केबिनची मिळते का?

खलाशी_ते_केबिन
क्वचित. नेहमीचा रस्ता असा: रूस्टअबाउट (डेकवरचा कामगार) किंवा रिगर (माल बांधणारा), मग सहायक ऑपरेटर, मग ऑपरेटर. आपण साइटवर ज्यांना खलाशी म्हणतो तेच काम: शॅकल, स्लिंगवरचा कलर कोड, टॅग लाइन (माल फिरू नये म्हणून धरायचा दोर), रेडिओवरचा सिग्नल. 80 टनीवरून उतरून हे करायला मन धजत नाही, पगारही सुरुवातीला तुमच्या आजच्या आसपासच असतो. पण लॉगबुक तिथूनच भरतं. ऑपरेटरच्या पुढे डेक फोरमन, लिफ्टिंग सुपरव्हायझर.

हायड्रॉलिक_काका
माझं मत थोडं वेगळं. तुम्ही डिझेल मेकॅनिक आहात, ते हुकमी पान वापरा. पेडेस्टल क्रेन म्हणजे बहुतेक वेळा डिझेल इंजिन, हायड्रॉलिक पंप, विंच मोटर आणि स्ल्यू बेअरिंग (ज्यावर क्रेन फिरते ते). ऑपरेटर मिळतात, पण ब्रेक का घसरतोय, बूम हॉइस्टची लिमिट स्विच का काम करत नाही, आयएसओ 4309 या मानकाप्रमाणे वायर रोप बदलायची वेळ आली का, हे सांगणारा क्रेन मेकॅनिक पटकन सापडत नाही. चालवता येणारा मेकॅनिक असाल तर एका बेडमध्ये कंपनीची दोन कामं होतात, आणि समुद्रावर बेड, म्हणजे राहायच्या जागा, मोजून असतात. पुण्यात इंजिन-हायड्रॉलिक्सची वर्कशॉप कमी नाहीत. सहा महिने तिथे हात काळे करा, मग लीआचा (लिफ्टिंग साधनांच्या तपासणीतली संस्था) पायाभूत कोर्स करा. साठीनंतर केबिन सुटली तरी तपासणीचं काम उरतं.

ऑफशोअर विंडचं (समुद्रातल्या पवनचक्क्यांचं) कोणी सांगितलं तर त्याला जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा संस्थेचं वेगळं ट्रेनिंग लागतं, बोसिएटवर भागत नाही.

बूम_रेडियस
एजंटच्या 1 लाख 80 हजारांबद्दल. जहाजावरच्या भरतीसाठी एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स लागतं, आणि असा एजंट खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेऊच शकत नाही. परदेशातल्या नोकरीसाठी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. तिथे सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30 हजार अधिक जीएसटी आहे. कोर्सची फी थेट केंद्राला भरा, पावती स्वतःच्या नावाने घ्या. "पॅकेज" हा शब्द आला की उठा.

टॅक्सचंही ऐका. आयकरासाठी 'भारत' या व्याख्येत आपलं अनन्य आर्थिक क्षेत्रही (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र) येतं. म्हणजे मुंबई हायवरचे दिवस भारतातलेच आणि टॅक्स नेहमीचा. गल्फमध्येही 28/28 ही धोक्याची सीमारेषा आहे. भारतात 182 दिवस भरले की तुम्ही रहिवासी, आणि अर्धं वर्ष म्हणजे नेमके तेवढेच दिवस. एखादं विमान चुकलं की परदेशातला पगारही इथे करपात्र. पासपोर्टवरचे शिक्के मार्चच्या आधी मोजून ठेवा आणि सीएला दाखवा.

चाकणकर_80टन
खूप आभार. एजंटला लेखी विचारतो. शेवटचं: चष्मा आहे, मेडिकलमध्ये अडचण येईल का?

हायड्रॉलिक_काका
चष्मा लावून नीट दिसत असेल तर सहसा अडत नाही. अडतं ते रंगांधळेपणावर, ऐकू कमी येण्यावर आणि आटोक्यात नसलेल्या रक्तदाब-साखरेवर. ऑफशोअर मेडिकल जास्तीत जास्त 2 वर्षं चालतं. कोर्सचे पैसे भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांची इशिहारा चाचणी आणि एक ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. बोसिएट हातात आल्यावर मेडिकलला बाद झालात तर फी परत मिळत नाही.