समोरासमोर चर्चा झाली असती तरी...
२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मोदी आणि राहुल गांधी चर्चेसाठी एका मंचावर आले असते तर मतदाराला निवड सोपी झाली असती, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. मे २०२४मध्ये दोन माजी न्यायमूर्ती आणि पत्रकार एन. राम यांनी दोघांना तसं निमंत्रण दिलंच होतं. राहुल हो म्हणाले, पुढे काही झालं नाही. पण झालं असतं तरी त्यात पुणं कुठे आलं असतं?

पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३मध्ये गेले. पोटनिवडणूक घ्या असं उच्च न्यायालयाने सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे वर्षाहून जास्त काळ पुण्याला खासदारच नव्हता! आमच्या कट्ट्यावर घसे कोरडे झाले ते मोदी की राहुल यावर. पुण्यातले उमेदवार मोहोळ-धंगेकर यांना याबद्दल विचारावं, असं कुणाला सुचलंही नाही.