अनुभव धागा: कोविड निर्बंधांच्या काळात सीमा ओलांडून केलेलं कॅम्पिंग

१५ जून २०२० ला जर्मनीने बहुतेक युरोपीय देशांसाठीचा प्रवासाचा इशारा मागे घेतला आणि त्याच संध्याकाळी मी तळघरातून तंबू वर आणला. हॉटेल नको होतं, लिफ्ट नको होती. आपली गाडी, आपलं अंथरूण, आपला स्टोव्ह एवढ्याचाच भरवसा वाटत होता. ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी पहिला तंबू त्याच उन्हाळ्यात घेतला.

कुठे जायचं हे ठरवायला सोपं होतं. परत येताना काय लागेल, ते मात्र कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, आणि माझ्या मते ज्यांनी आधी परतीचे नियम वाचले त्यांच्याच सहली नीट झाल्या. तुमचं काय झालं ते सविस्तर लिहा. चुकलेलं तर नक्कीच लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही म्युनिकचे. ऑगस्ट २०२०, क्रोएशियात शिबेनिकजवळ समुद्रकाठी, पाइनच्या झाडांखाली तंबू. जाताना काही अडलं नाही. ‘एंटर क्रोएशिया’चा ऑनलाइन फॉर्म भरला, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाचं विन्येट (महामार्गाच्या टोलचं स्टिकर) घेतलं, निघालो. २० ऑगस्टला जर्मनीने शिबेनिक-क्निन आणि स्प्लिट-डाल्मेशिया हे दोन परगणे जोखमीच्या यादीत टाकले, म्हणजे तिथून परतल्यावर चाचणी आणि निकाल येईपर्यंत घरात. क्रोएशियातल्याच इस्त्रियाचं नाव त्यात नव्हतं. तिथे उतरलो असतो तर सुट्टी पुरी झाली असती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या ओळीतले निम्मे तंबू उठले होते. शुक्रवारी रात्री आम्हीही निघालो.

त्याच मध्यरात्रीपासून ऑस्ट्रियाने न थांबता पार होणाऱ्या गाड्यांकडूनही फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली, हे स्लोव्हेनियात रांगेला लागल्यावर कळलं. काहींना बारा तास लागले. आम्ही साडेआठ तास उभे होतो. धाकटी चार वर्षांची, आणि दहा लिटर पाण्याचा कॅन डिकीत सगळ्यांत खाली, तंबूच्या मागे! पहाटे तीनला डिकीतलं सगळं सामान डांबरी रस्त्यावर उतरवून तो काढला. मागच्या गाडीतल्या डच बाईंनी टॉर्च धरला, त्यांची बाटली भरून दिली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटून खाल्ली. पुढे जर्मनीत ए-८ महामार्गावर होखफेल्न-नॉर्डच्या थांब्यावर चाचणी मोफत होती, ती केली आणि निकाल येईपर्यंत घरात बसलो. तेव्हापासून पाणी, औषधं, कागद आणि खाणं पुढच्या सीटखाली. मग कितीही जवळ जायचं असो.

*हॅम्बुर्गहून*

आम्ही जून २०२० मध्येच डेन्मार्कला गेलो. तेव्हा जर्मनीतून येणाऱ्यांना किमान सहा रात्रींचं बुकिंग दाखवावं लागे आणि कोपनहेगनमध्ये मुक्कामाला परवानगी नव्हती. आम्हाला तीनच रात्री हव्या होत्या, पण सहाचे पैसे भरले. सीमेवर अधिकाऱ्याने कागदावरच्या रात्री बोटाने मोजल्या, मग आमचे पासपोर्ट आणि जर्मन रहिवासी परवाने पाहिले. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून मनात धाकधूक होती. खरं तर नियम तुम्ही राहता कुठे यावर होता. रम्यो बेटावर राहिलो. तिथे गाडी थेट वाळूवर नेता येते. शेवटी सहाही रात्री काढल्या आणि त्या कमीच वाटल्या.

*आइंडहोव्हनहून*

नेदरलँड्समध्ये कॅम्पसाइट सुरू होत्या, पण सार्वजनिक संडास-बाथरूम १५ जून २०२० पर्यंत बंद. ज्याची स्वतःची सोय असेल त्यानेच यावं. आम्ही केमिकल टॉयलेट (खाली टाकी असलेलं, उचलून नेता येणारं) आणि त्यावर उभा करायचा उंच, अरुंद तंबू घेतला. सासूबाईंना ती कल्पनाच सहन होईना, म्हणून आधी दोन दिवस घराच्या बाल्कनीत सगळं लावून दाखवलं. निळं द्रव किती घालायचं, टाकी कुठे रिकामी करायची, हे घरीच शिकून घ्या. हिरवळीवर उभं राहून सूचना वाचायची वेळ येऊ देऊ नका.

*लंडनहून*

नॉर्मंडीत होतो. १३ ऑगस्ट २०२० च्या रात्री बातमी आली की शनिवारी पहाटे चारनंतर फ्रान्सहून परतणाऱ्यांना १४ दिवस विलगीकरण. सगळीकडे धावपळ, फेरीची तिकिटं संपली. आम्ही पळालो नाही. दोघांचंही काम घरून चालणारं होतं, शाळेला सुट्टी होती. ठरलेले दिवस पूर्ण राहिलो आणि घरी येऊन १४ दिवस दार लावून बसलो. तोच निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

*बासेलहून*

आमचं २०२१ चं. पुण्याहून आई-बाबा आले. २६ जूनपासून स्वित्झर्लंडने लस घेतलेल्यांना प्रवेश दिला आणि कोव्हिशील्ड त्यांच्या यादीत होती. आमचं घर हडपसरला, लस पलीकडच्या मांजरी गावात बनलेली, त्यामुळे बाबांना तिचा फार अभिमान! कोविनच्या सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर जोडून घेतला होता आणि ते लॅमिनेट करून आणलं होतं. लाउटरब्रुनेनला गेलो. त्यांच्यासाठी फोल्डिंगची खाट नेली, कारण गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठणं जमत नाही. १३ सप्टेंबरपासून रेस्टॉरंटमध्ये आत बसायला कोविड सर्टिफिकेट लागायला लागलं. मग आम्ही तंबूपुढेच मुगाची खिचडी लावली. समोर २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा. बाबा ताट हातात घेऊन उभेच राहिले, खिचडी गार झाली तरी.

*आइंडहोव्हनहून पुन्हा*

हॅम्बुर्गकर, रम्योला वारा फार असतो ना? आमच्या साध्या खुंट्या वाळूत टिकतील का?

*हॅम्बुर्गहून*

नाही टिकणार. पहिल्याच रात्री आमच्या चार निघाल्या. वाळूसाठीच्या लांब, रुंद पात्याच्या घ्या. त्याही नसतील तर पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. आम्ही उरलेल्या पाच रात्री तशाच काढल्या.