मार्सेलोने डाव राखून ठेवला नाही

काही लोक म्हणतात की मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही, कारण वस्ताद एक डाव राखून ठेवतोच. मला हे अजिबात पटत नाही. ब्राझीलच्या मार्सेलो गार्सियाचं बघा. एडीसीसी या पकडींच्या कुस्तीच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत 77 किलो गटात चार सुवर्णं (2003, 2005, 2007, 2011), शिवाय पाच वेळा जिउ-जित्सूचा (जमिनीवर पकडी घालून, गळा आवळून लढायची कुस्ती) जगज्जेता. न्यूयॉर्कमध्ये शिकवायला लागल्यावर या माणसाने आपल्या सरावाचे व्हिडिओ वर्गणी भरणाऱ्या कुणालाही खुले केले, आणि तेही स्वतः अजून स्पर्धेत उतरत असताना! प्रतिस्पर्ध्यांनीही खुशाल बघावेत.

त्याचा एक्स-गार्ड हा डाव एकदा सावकाश बघा. उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या खाली सरकून तो त्याचा एक पाय खांद्यावर घेतो, दुसऱ्या पायाला आपल्या पायांची फुली घालतो आणि ताणतो. समोरच्याला पाऊल टाकायला जागाच उरत नाही. हे सगळं माहीत असूनही लोक सापडायचेच.

2023 मध्ये त्याला पोटाचा कर्करोग झाला. उपचारांनंतर, जानेवारी 2025 मध्ये, बँकॉकला तो पुन्हा मॅटवर उतरला. वय 42. समोर जपानचा मासाकाझू इमानारी. मार्सेलोने गळा आवळून कुस्ती मारली. मला रडू आवरलं नाही.