गंजलेला लोखंडी रंधा पुन्हा वापरात कसा आणावा?

प्रश्न : कोकणवासी

वडील हौसेने सुतारकाम करीत असत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा ०५ क्रमांकाचा लोखंडी रंधा आणि काही पटाश्या सापडल्या आहेत. चिपळूणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे रंध्याच्या तळावर गंजाचा तांबूस थर चढला असून पाते आवळणारा स्क्रू जागचा हलत नाही. ही हत्यारे शोभेसाठी ठेवायची नसून त्यांनी लहान स्टुले आणि पुस्तकांच्या मांडण्या करायच्या आहेत. सर्व काही फरशी धुण्याच्या ऍसिडमध्ये बुडवावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : जुना फिटर

कृपया करू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंजाबरोबर ते धड लोखंडही खाते, आणि त्याच्या वाफेने खोलीतील इतर हत्यारांनाही गंज चढतो.

आधी स्क्रूकडे पाहा. त्यावर पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, मग खाचेत नेमका बसेल असा रुंद टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो किंचित आवळावा आणि त्यानंतरच सोडवावा. रंध्याचे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असते आणि बीड ठिसूळ. हातोडीने ठोकल्यास तोंडाजवळ, म्हणजे तळातून पाते बाहेर येते त्या फटीजवळ, तडा जाण्याची भीती असते. निघालेले स्क्रू डबीत जपून ठेवावेत, कारण त्यांचे आटे मेट्रिक मापाचे नसल्याने हार्डवेअरच्या दुकानातील साधा स्क्रू तेथे बसणार नाही.

सुटे केलेले लोखंडी भाग लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक ऍसिड, म्हणजे लिंबूसत्व, विरघळवून त्यात ठेवावेत आणि अधूनमधून बाहेर काढून ब्रशने घासावेत. तांबूसपणा जाऊन काळपट राखाडी रंग उरला की थांबावे; तो रंग घालवण्यासाठी आणखी घासणे म्हणजे चांगले लोखंड वाया घालवणे होय. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, पूर्ण कोरडे करून लगेच शिलाई मशीनचे तेल लावावे, कारण उघड्या पडलेल्या ओल्या लोखंडावर पाहता पाहता नवा गंज धरतो.

उत्तर : सागवान

पटाश्यांसाठी वरील उपाय पुरेसा आहे, परंतु रंध्याच्या कानाकोपऱ्यांतील गंजासाठी मी विजेची पद्धत पसंत करतो. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक हत्याराला आणि धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडावे. जोडणी उलटी झाल्यास हत्यारच झिजू लागते. पट्टी स्टेनलेस स्टीलची मुळीच नसावी, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन सुटत असल्याने बादली मोकळ्या हवेत, ठिणगी आणि आगीपासून दूर ठेवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासू नये.

प्रश्नकर्ता : कोकणवासी

स्क्रू निघाला. मात्र पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाने बारीक खड्डे पडलेले दिसतात. पाते बदलावे लागेल का?

उत्तर : जुना फिटर

इतक्यात नको. संपूर्ण पाठ चकचकीत करण्याची गरज नाही. धारेलगतची बोटभर पट्टी ऑइल स्टोनवर सपाट झाली की काम भागते. खड्डे अगदी धारेपर्यंत आले असतील, तर तेवढा भाग ग्राइंडरवर मागे घेऊन २५ अंशांचा उतार नव्याने द्यावा आणि शेवटची धार ३० अंशांवर लावावी. मात्र पाते वारंवार पाण्यात बुडवत राहावे, कारण कडेला निळी झाक आली की पात्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे, आणि तेवढा भाग पुन्हा काढून टाकावा लागतो. तळ जाड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासताना पाते आत ओढून, पण नेहमीप्रमाणे आवळून ठेवावे, कारण पात्याच्या ताणाने बीड किंचित वाकते. पुढचे टोक, तोंडाच्या अलीकडची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले की तेथेच थांबावे. मधले डाग तसेच राहिले तरी रंध्याच्या चालण्यात काही फरक पडत नाही.